चार बोटं लाकूड

धनुष्याच्या पोटात कुठलं लाकूड घालायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. जे शिकलो ते मोडून शिकलो, आणि मोडलेलं प्रत्येक धनुष्य माझ्याच खिशातून गेलं. त्यामुळे धडा पक्का बसला.

हिंगोलीत माझी लाकडाची वखार होती. दारं, चौकटी, पलंग असा धंदा. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या थोडं आधी एका शाळेचे खेळाचे गुरुजी मोडकं धनुष्य घेऊन आले. बाहेरून मागवलेलं, फायबरचं. "शेठ, जोडता येईल का?" म्हणाले. मी म्हणालो, ठेवून जा. ते वळणावर दिसेनासे झाले आणि मी ते धनुष्य आऱ्यावर उभं चिरलं. आत काय आहे ते बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्यावर ओरडले, मीही त्यांच्यावर ओरडलो. शेवटी तोडगा निघाला तो असा की मी त्यांना नवीन धनुष्य करून द्यायचं. तिथून हा धंदा लागला.

आत काही जादू नव्हती. दोन्ही अंगांना फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांची, एकेक पट्टी आणि मधे लाकडाचे पातळ काप, एकावर एक चिकटवलेले. लोकांना वाटतं जोर सगळा फायबरचा, मधलं लाकूड नुसतं भरताड. तसं नाही. धनुष्य ओढलं की एक पट्टी ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि मधलं लाकूड त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरून ठेवतं. भांडकुदळ दोन जावांच्या मधे उभी राहिलेली सासू म्हणा. ती अंगानं हलकी असावी, पण तिनं जागा सोडता कामा नये.

आधी मी सागवान घातलं, कारण ते घरचं होतं. साग तेलकट, चिकटवायची राळ धरत नाही. पहिलं धनुष्य भिजलेल्या वहीसारखं उलगडलं. बाभूळ घातली. ती मजबूत, पण जड आणि आळशी. बाण कुरकुरत सुटायचा आणि सगळा झटका हाताला बसायचा. निंबाच्या रेषा वाकड्यातिकड्या. आंब्याचं नावच नको. वेळू चांगला, पण त्याच्या गाठी जुळवायच्या आणि त्याला किडा लागू द्यायचा नाही, यात जीव जातो. मग एकदा बैलगाडीच्या धुऱ्याचा तुकडा हाताला आला. धामणीच्या झाडाचा होता. त्याची पातळ पट्टी काढून अंगठ्याभोवती वाकवली, सोडली, तर ती कधी वाकलीच नव्हती अशी सरळ झाली. मला जे पाहिजे होतं ते सापडलं.

पण ओली धामण कामाची नाही. ती वर्षानुवर्षं सुकलेली पाहिजे, आणि इतकी वर्षं थांबायला मला सवड नव्हती. गावोगावच्या गोठ्यांत मात्र सुकलेली धामण पडून होती. लोकांनी ट्रॅक्टर घेतले होते, नाहीतर टायरच्या लोखंडी गाड्या. जुन्या गाड्यांचे धुरे आणि जुवं कडब्याखाली कुजत होती. मी मोटारसायकलवर औंढ्यापासून कुरुंदा, हट्ट्यापर्यंत फिरायचो. लाकूड उचलून बघायचो, बोटाच्या पेरानं ठोकायचो, टोकाशी रेषा किती जवळजवळ आहेत ते पाहायचो. आणि मग दोष काढायला लागायचो. दोष काढणं हा माझ्या धंद्याचा अर्धा भाग. लाकूड जेवढं चांगलं, तेवढे दोष जास्त. "हे तर पोकळ हाय, मामा. जळणाला घेऊन राहिलो, दुसरं काय?" असं म्हणून मी मारुतीच्या गदेसारखं घट्ट लाकूड गाडीला बांधून आणलेलं आहे.

अशा फिरण्यात एक घर मी मुद्दाम टाळत होतो. कुरुंद्याच्या अलीकडचं, हळदवाल्यांचं. त्या घरी मी पोरवयात सालगडी होतो. माझी आई त्यांच्याच हळदीत खुरपायला जायची. एका पोळ्याच्या आदल्या दिवशी जू धुवायला काढलं, तर त्याची एक लोखंडी खीळ नव्हती. जुवाच्या दोन्ही टोकांना या खिळा असतात, बैलाची मान बाहेर सरकू नये म्हणून. मालकानं पारावर चार लोकांत मला खिसे उलटे करायला लावले. तेवढ्यावर थांबला नाही. माझ्या आईला तिचं गाठोडं सोडायला लावलं. दर पौर्णिमेला विहारात बसून, न दिलेलं घेणार नाही, असं म्हणणारी माझी आई. गाठोड्यात दोन भाकरी आणि मिरची होती.

पोळा झाला आणि खीळ गव्हाणीत भुशाखाली सापडली. मालकानं ती पुसली, जुवात बसवली आणि मला म्हणाला, "चल, जुंप बैल." बस, एवढंच. पाडव्याला साल संपलं तसा मी निघालो, तो हिंगोलीला आऱ्यावर भुसा भरायला लागलो. पुढं वखार झाली, घर झालं, लोक शेठ म्हणायला लागले. खीळ डोक्यातून निघाली नाही. अजून निघालेली नाही, हे कबूल करतो.

शेवटी गेलो त्या घरी. मोटारसायकल थेट अंगणात लावली आणि न विचारता ओट्यावर बसलो. त्यांनीही ट्रॅक्टर घेतला होता. जू गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं होतं, तेच. मालक म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

"काय पायजे रं?"

"जू."

"जू इकायचं नसतं."

त्याचा पोरगा मधे पडला. मी त्यांच्याकडं असताना तो मला नावानं हाक मारायचा, आता भाऊ म्हणत होता. "कुजून राहिलंय ते, आबा. देऊन टाकू की. काय देता, भाऊ?"

दुकानात माझ्याकडं दोन नव्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. मी एक देऊ केली. पोरगा दोन म्हणाला. मी जू खाली उतरवून त्याचे दोष काढायला बसलो. खिळीच्या भोकाभोवती गंजानं लाकूड काळं पडलंय, मानेच्या जागी झिजलंय, मधे चीर आहे. चीर नव्हती. इतर घरी मी दोष काढायचो ते भाव पाडायला. इथं मला म्हाताऱ्याला ते ऐकवायचे होते. बराच वेळ ऐकवले. शेवटी दोन खुर्च्यांवर सौदा झाला, आणि मी उठताना म्हातारा म्हणाला, "न्ह्यायचं तर न्हे. पण जाळू नको."

"जाळीन कशाला, मालक? धनुष्य करून राहिलो."

"कुणाचं? रामाचं का रावणाचं?"

"जो पैसे दील त्याचं."

म्हातारा हसला. मलाही हसू आलं, आणि तोंडातून अजूनही 'मालक'च निघतं म्हणून वाटभर माझाच मला राग येत राहिला.

जू आऱ्यावर घातलं आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा सरळ. तसं लाकूड मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. काप पाडले, रंधून टोकाकडं पातळ करत नेले. एका कापावर खिळीच्या गंजाचा डाग आला, काळा, बोटभर लांब. डागाचं लाकूड पोटात घालायचं नसतं. लोखंडानं खाल्लेली जागा कधी दगा देईल सांगता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या धनुष्याला मी तो काप फेकून दिला असता. याला मुद्दाम ठेवला. मुठीजवळ, जिथं धनुष्याचं पातं जवळजवळ वाकतच नाही अशा ठिकाणी, सगळ्यांत वर, पारदर्शक फायबरखाली बसवला. बघणाऱ्याला तो डाग दिसला पाहिजे होता. बघणारा मी एकटाच होतो, ते वेगळं.

राळ लावून सगळं साच्यावर घेतलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं. राळेला ऊब लागते. त्यासाठी मी पत्र्याची पेटी केली होती, आत बल्ब लावलेली. त्या दिवशी वीज गेली. वीज गेली की मी पेटीखाली शेगडी सरकवायचो. आणि शेगडीत मी जुवाच्या ढलप्या टाकल्या. दुसरं सरपण नव्हतं असं नाही; हाताच्या अंतरावर बाभळीची पाटी भरून होती. जू जाळू नये म्हणतात; आमच्या घरात असल्या समजुती मानत नाहीत. मला त्या दिवशी त्याचा अभिमानही वाटला. म्हाताऱ्याला दिलेला शब्द ही समजूत नव्हती, तो शब्द होता. पण तेव्हा मी त्या दोन्ही गोष्टी एकाच शेगडीत घातल्या. धामण छान जळते. धूर फार नाही.

ते धनुष्य मी विकलं नाही. गुरुजींनी मागितलं, अमरावतीकडच्या एका खेळाडूनं दोन हेलपाटे घातले. मी ते गादीच्या वर भिंतीला टांगून ठेवलं, डाग समोर येईल असं. बायको म्हणायची, "इकत न्हाई तर झटकत तरी जा. धूळ बसून राहिली."

काही वर्षं गेली. हळद शिजवायचे दिवस होते. त्या घरचा पोरगा वखारीत आला, हात कोपरापर्यंत पिवळे. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"भाऊ, आबाच्या अंगावरून वारं गेलंय. नांदेडच्या डॉक्टरनं घरी न्ह्या म्हणून सांगितलं. अन्न बंद हाय. लई तकलीफ होऊन राहिली, पन जीव काही जाईना."

आमच्या भागात असं धरतात की ज्यानं जू जाळलं त्याचा जीव सुखानं जात नाही. घशात अडकून राहतो. मग मरणाऱ्याच्या मानेखाली जू ठेवतात, म्हणजे सुटका होते. पोरगा त्यासाठीच आला होता.

"गावात धड जू राहिलं न्हाई. शेजारच्या गावाहून आणून ठिवलं, फरक न्हाई. माय म्हणती, आपल्याच घरचं पायजे. तेवढं द्या. झालं की लगेच वापस आणून देतो."

"मी काय जाळलं व्हय तुमचं जू?" मी ओरडलो. आऱ्यावरची माणसं बघायला लागली. त्यानं जाळल्याचं विचारलंच नव्हतं.

मी आणखी भडकलो. "तुमाला जू पायजे. मला खिळीचं पायजे. खिळीचं बोला आधी."

"कोणती खीळ, भाऊ?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. माझं अर्धं आयुष्य ज्या खिळीला अडकलं होतं, ती त्या घरात कुणाच्या लक्षातही नव्हती. मी सगळं सांगितलं. पारावरची माणसं, खिसे, आईचं गाठोडं, भाकरी. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आबाला बोलता येत न्हाई आता. तुमी सांगा काय बोलू, मी तसं बोलतो."

हे त्यानं मनापासून म्हटलं, असं आज वाटतं. तेव्हा मला वाटलं, हा माझ्याशी सौदा करतोय. मी मागितलं असतं ते सगळं तो बोलला असता, जूच तेवढं पाहिजे होतं. मागून घेतलेला शब्द मला नको होता. मी म्हटलं, "जा, मंग. न्हाई देत." तो गेला. भिंतीवरच्या धनुष्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. जू म्हणजे जू, एवढंच तो शोधत होता.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. जेवताना तिनं एकच विचारलं, "मरणाऱ्या माणसाला काहून ताटकळत ठिवता?" मी तिच्यावरही ओरडलो. सकाळ होताच धनुष्य पोत्यात गुंडाळलं आणि निघालो. एवढ्या अवधीत तो म्हातारा श्वासाश्वासाला झगडत होता, हे मला जाताना रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यावर आठवत होतं.

अंगणात हळद वाळत घातली होती. बाया दाराशी बसलेल्या. मालकाचा श्वास बाहेर ऐकू येत होता, ओल्या लाकडात करवत अडकल्यासारखा. मी पोतं सोडलं, तशी एक म्हातारी म्हणाली, "ही काय कामटी आणली? जू कुठाय?"

"ह्याच्यात हाय. ह्याच्यातलं लाकूड जुवाचंच हाय."

मालकीण उठली. मी तिला माय म्हणायचो, ती मला लेकरा. तिनं पात्यावरून बोट फिरवलं. "गार लागतंय. लाकूड असं गार नसतं."

"वरून काच हाय, माय. लाकूड खाली हाय, दिसून राहिलंय बघा."

"दिसतंय. पन लागत न्हाई." तिनं थोडा विचार केला. "वरचं काढ, लेकरा. मानेला लाकूड लागलं पायजे."

माझ्या हातून झालेली सगळ्यांत चांगली वस्तू, आणि मीच तिला कानस लावायची. मी विचारलं, "किती काढू?"

"एक वीत."

आणि माझ्या तोंडातून, सवयीनं, हिशेबानं, निघालं, "वीतभर कशाला, माय? मान काय वीतभर टेकती का? चार बोटं काढतो."

माय माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला जमलं असतं, रागाशी कसं वागायचं ते मला येतं. ती म्हणाली, "बरं. चार बोटं." आणि आत गेली.

आयुष्यात इतक्या लवकर कुणी माझा भाव मान्य केला नव्हता.

पोरानं ट्रॅक्टरच्या पेटीतली कानस आणून दिली आणि बसायला खुर्ची ठेवली. प्लॅस्टिकची. त्या दोनांतलीच एक, उन्हानं पांढरी पडलेली. मी जागाही विचार करूनच निवडली. मुठीजवळ, पातं वाकत नाही तिथं, म्हणजे नंतर ठिगळ लावून धनुष्य वाचेल. कानस चालवायला लागलो तर फायबर हटेना. मीच बसवलेलं होतं, मीच आवळलेलं. काचेची कूस हाताला, मानेला टोचायला लागली. आणि मी जोरात घासत नव्हतो. शेजारचं फायबर उचकटू नये म्हणून बेतानं, कडेकडेनं घासत होतो. आतला श्वास अडकायचा, मीही थांबायचो. पुन्हा सुरू व्हायचा, मीही पुन्हा सुरू.

फायबर गेलं तेव्हा खालून काळं निघालं. खिळीचा डाग. ती जागा मीच डागासाठी निवडली होती आणि आता धनुष्य वाचवायला म्हणून पुन्हा तीच निवडली होती. डाग टाळून घासायला वेळ नव्हता.

आत गेलो. मालकाचं डोकं मी उचललं. त्या माणसाला मी कधी हात लावलेला नव्हता. त्याचं डोकं इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. मानेखाली धनुष्य सरकवलं, उघडं लाकूड वर करून. म्हटलं, "मालक, जू आणलंय." आणखी काही म्हणायचं होतं. शेगडीचं. ते म्हटलं नाही, बाया होत्या. त्याचे डोळे अर्धे उघडे होते. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. दुपार कलायच्या आत श्वास थांबला.

बाया म्हणाल्या, जुवानं सोडवलं. मी तसं मानत नाही. तो जायचाच होता, त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या. पण त्याच्या मानेला लाकूड नीट लागलं की काचेची धार लागली, हे मला अजून माहीत नाही. चार बोटांत मान बसवताना धनुष्य दोनदा सरकलं होतं.

मौत उचलायच्या आधी मायनं ते स्वतः पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. "तुझं न्हे, लेकरा. लई उपकार केले." पोरगा माझ्या पाया पडला. मी त्याला धरलं, उठवलं. माझ्या आईच्या गाठोड्याबद्दल त्या घरातून कुणी काही बोललं नाही आणि आता कुणी बोलणारही नव्हतं. पण त्या क्षणी मी त्या घराला तोंड दाखवायला लाजत होतो. मला चोर म्हटलं तेव्हा मी मान ताठ ठेवून उभा होतो. उपकार म्हटल्यावर मला उभं राहता आलं नाही. स्मशानापर्यंतही गेलो नाही. गाडीला किक मारली.

वखारीत आलो. ठिगळाची फायबर पट्टी फळीवर तयार होती, राळही होती. ती घेतली नाही. कानस घेतली आणि जिथं थांबलो होतो तिथून पुढं घासायला लागलो. आता कडेची फिकीर नव्हती. फायबर उचकटलं तर उचकटलं. एक वीत लाकूड उघडं केलं आणि माझा हात पसरून त्यावर ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बराबर भरलं.

मग लक्षात आलं, मायचा हात माझ्या हातापेक्षा केवढा तरी लहान होता. तिनं मागितलेली वीत याच्याहून कमी होती.